थोर कोणास म्हणावे?

आपल्या मंडळाच्या गेल्या दोन बैठकांत ज्या प्रश्नावर एकमत होऊ शकले नाही, त्याविषयी चार शब्द लिहावे असे मनात आल्यावरून हा मजकूर संपादकांकडे पाठवीत आहे. मांजरसुंब्याच्या चौरस्त्यावर, जेथे धुळे-सोलापूर व अहिल्यानगर-अहमदपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांस छेदतात, तेथे वर्गणी जमवून एखाद्या थोर ऐतिहासिक पुरुषाचे स्मारक करावे, अशी मूळ सूचना होती. सूचना चांगली, तिला कोणी हरकत घेतली नाही. हरकत निघाली ती नावाच्या वेळी. शिवाजी महाराजांचे नाव प्रथम आले, व ते येणारच. त्यामागून अहिल्याबाईंचे आले. नंतर मागच्या बाकावरून एका वृद्ध सभासदाने मलिक अंबर याचे नाव घेतले, तेव्हा सभेत हशा पिकला. एका तरुण सभासदाने उभे राहून विचारले, “काका, तो हबशी. कोण कुठला परका माणूस; त्याचा आणि आपला संबंध काय?” काकांना उत्तर सुचले नाही, ते खाली बसले. बैठक तहकूब झाली.

मजला तो हशा बरा वाटला नाही. हसणाऱ्यांत मी नव्हतो असे मात्र म्हणवत नाही. घरी आल्यावर मनाशी विचार केला, की आपण थोर, थोर म्हणतो ते कोणत्या मापाने? धान्य मोजावयास शेर-पायली असते, जमीन मोजावयास साखळी असते. माणूस मोजावयास आपल्याजवळ काय आहे?

सर्वसाधारणपणे असे दिसते, की ज्याने लढाया जिंकल्या व मुलूख वाढविला तो थोर, असे आपण शाळेपासून धरून चालतो. पण हे माप खरे मानावे तर आपल्या इतिहासात औरंगजेबाएवढा थोर दुसरा कोणी सापडावयाचा नाही. त्याच्या राज्याएवढा विस्तार त्याच्या बापाच्याही राज्याचा नव्हता. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे त्याने दक्षिणेत छावणीत काढली व 1707 साली तो नगराजवळ मरण पावला. त्या पंचवीस वर्षांत या मुलखातील शेतकऱ्याच्या पदरी काय पडले? त्या अफाट लष्कराच्या घोड्यांस वैरण, बैलांस कडबा व माणसांस दाणा, हे सर्व कोणाच्या तरी शिवारातूनच गेले ना! नकाशावर राज्य जितके रुंद, तितका राजा उंच, हा हिशेब राजधानीत बसणाऱ्यास पटेल. खळ्यावर बसणाऱ्यास पटू नये.

माझे म्हणणे असे, की कास्तकाराने निराळा प्रश्न विचारावा. त्या पुरुषाच्या अमलात खळ्यावरील राशीतून किती गेले, ते कोणी नेले, नेण्यापूर्वी किती न्यावयाचे हे कुणब्याला ठाऊक होते की नाही, आणि पाऊस गेला त्या साली त्याने काय केले? मी महसूल खात्यात कारकुनी केली. तेव्हा माझे डोळे त्याच कागदांकडे वळणार, हा दोष असल्यास तो मी मान्य करतो.

आता मलिक अंबरचे घ्या. हा आफ्रिकेतील हबशी मुलखात 1548 च्या सुमारास जन्मला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादेच्या बाजारातून हात बदलत बदलत दक्षिणेत आला, आणि निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्यास विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर त्यास मोकळीक मिळाली. पुढे 1600 साली मोगलांनी अहमदनगर घेतले व निजामशाही बुडाल्यातच जमा झाली, तेव्हा याच माणसाने राजघराण्यातील एका मुलास परांड्यास गादीवर बसविले आणि सव्वीस वर्षे ते राज्य उभे ठेवले. 1610 साली त्याने खडकी वसविली. तेच पुढचे औरंगाबाद व आजचे छत्रपती संभाजीनगर. जहांगीर बादशहा आपल्या आत्मचरित्रात त्याचे नाव शिवी दिल्यावाचून सहसा घेत नाही. पण 1626 साली अंबर वारल्यावर त्याच दरबारच्या मुतमदखान नावाच्या इतिहासकाराने, लढाईत, राज्यकारभारात व शहाणपणात याला जोड नव्हती, अशा अर्थाची नोंद करून ठेवली. शत्रूच्या दप्तरात असा शेरा मिळणे सोपे नाही. दप्तराचा अनुभव असलेल्यांस मी काय म्हणतो ते कळेल.

परंतु या लढायांकरिता मी त्याचे नाव पुढे करीत नाही. त्याने सरकारी वसुलीचा मक्ता बंद केला, याकरिता करतो.

मक्ता किंवा इजारा म्हणजे काय, हे आजच्या तरुण सभासदांस सांगावयास हवे. सरकारास ताबडतोब रोकड पाहिजे असते. एखादा धनवान माणूस पुढे येतो व म्हणतो, या परगण्याचे इतके रुपये मी आगाऊ भरतो, मग रयतेकडून काय घ्यावयाचे ते माझे मी पाहून घेईन. सरकार रक्कम घेते व डोळे मिटते. मक्तेदारास पुढील सालाची खात्री नसते, कारण पुढील साली दुसरा कोणी जास्त बोली बोलेल. म्हणून हाती आहे तेवढ्या मुदतीत तो झाडाची फळेच काय, पालाही ओरबाडून नेतो. विहीर बांधा, बांध घाला, पडीत मोडून वहितीस आणा, हे सांगण्यात त्याचा काडीचा लाभ नसतो. आणि कुणबीही मग कशाला कष्ट करील? चांगले पिकविले की मक्तेदाराची नजर लागते.

अंबरने हा प्रकार मोडला. ग्रँट डफ याच्या 1826 साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात या व्यवस्थेचे वर्णन आहे. वसुली ब्राह्मण कारभाऱ्यांच्या हाती व त्यांवर मुसलमान अंमलदारांची देखरेख. मोडकळीस आलेली गावची व्यवस्था, म्हणजे पाटील, कुळकर्णी व त्यांबरोबरचे गावकामगार, पुन्हा उभी केली. प्रथम काही हंगाम प्रत्यक्ष पिकातून वाटा धान्यरूपाने घेतला, आणि अनेक हंगामांचा अनुभव आल्यावर त्याची रोख रक्कम ठरविली. तीही दरसाल जितकी जमीन वहितीस असेल तितक्याच मानाने. सरकारचा वाटा पिकाचा दोन पंचमांश सांगतात. रोखीने मात्र तो सुमारे एक तृतीयांश पडे, अशी परंपरा डफने दिली आहे.

येथे कोणी म्हणेल, दोन पंचमांश! दहा खंडी ज्वारीतील चार खंडी सरकारात! यात थोरवी ती कोणती? आक्षेप खरा आहे. हा सारा हलका नव्हता. आज आपण भरतो त्या शेतसाऱ्याशी तर त्याची तुलनाच नको. परंतु बारकाईने पाहिले असता फरक रकमेत नाही, फरक ठाऊक असण्यात आहे. तिफण धरण्यापूर्वीच ज्यास कळते की आपणास इतके द्यावयाचे आहे व उरलेले आपले आहे, तो कुणबी पडीत मोडतो. ज्यास ते कळत नाही, तो पोटापुरते पेरतो आणि रात्री गाव सोडावयाच्या तयारीत असतो. शिवाय जी जमीन पेरली नाही तिचा आकार त्या साली नाही. कोरडवाहू बालाघाटावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांस या एका कलमाची किंमत निराळी समजावून सांगावयास नको.

उत्तरेकडे तोडरमल्लाने अकबराच्या अमदानीत 1580 च्या सुमारास दहा सालांच्या सरासरीवरून रोख दर बांधले, तीही मोठी कामगिरी होय. पण सरासरी ही चीज चांगल्या सालास व वाईट सालास एकाच मापाने तोलते. अंबरची रीत आपल्या लहरी पावसास अधिक जवळची होती, असे माझे मत आहे. त्याने तोडरमल्लाची पद्धत जशीच्या तशी उचलली असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते. मला ते बरोबर वाटत नाही.

नुसत्या बुद्धीने व विद्वत्तेने हे काम होत नाही, याचा दाखला पाहिजे असल्यास पेशवाई गेल्यानंतरचा घ्यावा. 1827 च्या पुढे प्रिंगल नावाच्या हुशार इंग्रज अधिकाऱ्याने पुणे, नगर वगैरे भागांत जमिनीची मोजणी चालविली. हा गृहस्थ अर्थशास्त्र शिकून आलेला. प्रत्येक जातीच्या जमिनीचे उत्पन्न काढावयाचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करावयाचा, आणि राहिलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठराविक हिस्सा सरकारचा. कागदावर याहून न्याय्य ते काय असणार? पण हाताखालच्या लोकांनी आकडे कसे भरले हे शिवारात जाऊन पाहिले गेले नाही, धान्याचे भाव पडले, दर जड झाले, आणि इंदापूर तालुक्यात शेते ओस पडून लोक गावे सोडून गेले. शेवटी ती सारी मोजणी टाकून द्यावी लागली. पुढे गोल्डस्मिड व विंगेट यांनी 1836 पासून त्याच इंदापुरातून नवीन जमाबंदी चालू केली. दर खाली आणले व ते तीस वर्षे बदलणार नाहीत असे ठरविले. त्यांची विद्वत्ता प्रिंगलपेक्षा कमीच असावी. त्यांनी शेत अधिक पाहिले.

आता आपल्या बीडचे सांगतो. अंबरच्या काळी हा मुलूख कधी निजामशाहीकडे, कधी मोगलांकडे असा हेलकावे खात होता. म्हणून त्याच्या व्यवस्थेचा लाभ आपल्याच आजा-पणज्यांस सलग मिळाला असा दावा मी करीत नाही. मात्र त्याने जो रोग घालविला तोच रोग पुढे हैदराबादच्या राज्यात पुन्हा बळावला. तालुकेच्या तालुके मक्त्याने दिलेले किंवा सावकारांकडे व सरदारांकडे तारण पडलेले, अशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची स्थिती होती. ती सर सालारजंग पहिले यांनी आपल्या दिवाणगिरीत, म्हणजे 1853 ते 1883 या काळात मोडून काढली व 1865 साली जिलाबंदी करून पगारी अंमलदार नेमले. एकच काम दोघांस दोन शतकांच्या अंतराने करावे लागले. यावरून पहिल्याचे काम टिकले नाही असे म्हणाल, तर तेही खोटे नाही. त्याविषयी पुढे लिहितो.

शिवाजी महाराजांविषयी मी काही सांगावे असा माझा अधिकार नाही व त्यांच्या थोरपणाविषयी कोणास शंकाही नाही. फक्त एवढेच म्हणतो, की ज्या कारणांसाठी आपण त्यांस थोर म्हणतो त्यांचा क्रम मी बदलीन. अफझलखान व आग्र्याची सुटका या गोष्टी पोवाड्यात शोभतात. मी प्रथम ठेवीन ते 5 सप्टेंबर 1676 रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस गेलेले पत्र. त्याचा आशय असा, की गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याच्याजवळ माणूसबळ आहे पण बैल नाही त्यास बैलांकरिता रोख पैसा दे, खावयास दाणा दे, त्याच्याकडून होईल तितके शेत करून घे. आणि दिलेल्याचे वाढीदिढी न लावता मुद्दल तेवढे, त्याच्या ताकदीप्रमाणे हळूहळू वसूल कर. तगाई कशी द्यावी याचा याहून स्पष्ट हुकूम मी नोकरीत असताना पाहिला नाही. परिपत्रके मात्र शेकड्यांनी पाहिली. सभासदाच्या बखरीत पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर, आणि पिकाच्या पाच तक्षिमांपैकी तीन रयतेस व दोन दिवाणात, हा हिशेब आलेला आहे. म्हणजे वाटा अंबरच्याच मापाचा. अंबरच्या रीतीत जे नव्हते ते महाराजांनी घातले: वाईट सालातील हात. म्हणून माझ्या मापानेही त्यांचे स्थान वरचेच राहते, आणि शेजारी अंबरला बसविल्याने त्यांस काही उणेपणा येतो असे मला वाटत नाही. 1624 साली भातवडीच्या रणात शहाजीराजे व त्यांचे बंधू शरीफजी याच अंबरच्या बाजूने लढले आणि शरीफजी तेथे पडले. परका म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

अहिल्याबाईंचे चौंडी आपल्या जिल्ह्याच्या वेशीवरच, जामखेड तालुक्यात. 1767 ते 1795 पर्यंत त्यांनी राज्य केले. देवळे, घाट व विहिरी सर्वांस ठाऊक आहेत. आपल्या परळी वैजनाथाच्या जीर्णोद्धाराशीही त्यांचेच नाव निगडित आहे. माझ्यासारख्या कारकुनास मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: हा दानधर्म त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून केला, दौलतीच्या तिजोरीतून नव्हे. दोन चोपड्या निराळ्या ठेवणारा धनी किती दुर्मिळ असतो ते चोपड्या लिहिणारास विचारावे.

आता अंबरविरुद्धचे मुद्दे. परकेपणाचा मुद्दा मी मोजीतच नाही. जो ज्या मातीचा सारा नीट बांधतो तो त्या मातीचा. पण इतर मुद्दे असे सहज झटकता येत नाहीत. त्याचे युद्ध हे शत्रूची रसद तोडण्याचे, वैरण जाळण्याचे युद्ध होते. ती वैरण कोणाची? मोगलांनी 1616 साली खडकी जाळली, तेव्हा त्या आगीत त्याच्याच रयतेची घरे गेली. भातवडीस तर त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला व त्यायोगे लढाई जिंकली, असे सांगतात. ज्याने खडकीस नहर काढून पाणी आणले, त्यानेच दुसरीकडे तळे फोडले. ज्या कुणब्याचे पीक त्या तळ्यावर होते, त्याने त्या हंगामात काय खाल्ले याची नोंद कोठे नाही. मी हा प्रसंग पुष्कळ वेळा मनात घोळविला. लढाई हरली असती तर मक्तेदार परत आले असते, हे उत्तर मला सुचते, परंतु त्या कुणब्यापुढे उभे राहून ते सांगण्याचे धैर्य होईल असे वाटत नाही.

आणि टिकण्याचा प्रश्न. अंबर 1626 साली वारला. त्याचा मुलगा फत्तेखान बापाचे नाव राखू शकला नाही. त्याच्या हातून धन्याचा घात झाला व 1633 साली दौलताबाद मोगलांकडे गेले. मध्यंतरी 1630 चा तो भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली असे परंपरा सांगते, तो काळ याच पडझडीचा. 1636 साली निजामशाही संपली. आपल्यामागून काम कोणी चालवावे याची सोय अंबरने केली नाही, आणि ही त्याची खरी चूक, असे मी मानतो. तरीसुद्धा घराणे बुडाले, राज्य बुडाले, आणि गावोगावच्या दप्तरांत मलिक अंबरचा धारा हे शब्द राहिले. पुणे प्रांतात दादोजी कोंडदेवांनी तोच कित्ता पुढे गिरविला असे डफ लिहितो. दोनशे वर्षांनी इंग्रज मोजणीदार आले, तेव्हा त्यांच्यापुढे जुना आकार म्हणून ठेवलेल्या कागदांत हे नाव होते. पुतळा नसता दोनशे वर्षे नाव राहिले ते पाटील-कुळकर्ण्यांच्या तोंडी.

बीडहून आपल्याकडे येताना सोलापूर रस्त्याने जी खजाना विहीर लागते, ती सर्वांनी पाहिली आहे. मुर्तजा निजामशहाच्या वेळी, सोळाव्या शतकात, सलाबतखान याने ती करविली. जमिनीखालच्या वाटेने पाणी आपल्या उताराने शेतापर्यंत जाते. मोट नाही, बैल नाही. सलाबतखानाची कबर नगराजवळच्या डोंगरावर आहे व लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात! बिचाऱ्याच्या थडग्यासही दुसऱ्याचे नाव मिळाले. विहिरीस तेही नाही. पाणी मात्र चारशे वर्षे वाहिले. स्मारकाचा विषय निघाला म्हणून हे आठवले.

एक स्वानुभव सांगून आटोपते घेतो. नोकरीत असता एका गावची पैसेवारी शिवारात न जाता चावडीत बसून लिहिली गेली. त्या साली शाळू हुरड्यावर येण्यापूर्वीच करपला होता. कागदावर तो पन्नास पैशांच्या वर राहिला. नक्कल मी केली. सूट बसली नाही, वसुली थांबली नाही. आकडा माझा नव्हता, अक्षर माझे होते. तेव्हापासून, शिवारात जाऊन मग लिहा असे सांगणारा व तसे करवून घेणारा वरिष्ठ, मग तो चारशे वर्षांपूर्वीचा का असेना, मला थोर वाटतो.

म्हणून येत्या बैठकीत मी त्या वृद्ध सभासदांच्या सूचनेस अनुमोदन देणार आहे. फरक इतकाच, की पुतळ्याऐवजी चौरस्त्यावर एक दगडी फरस बसवावी व तीवर जमिनीच्या धाऱ्याची हकीकत कोरावी: अंबरची, महाराजांच्या 1676 च्या पत्राची, सालारजंगांच्या जिलाबंदीची, प्रत्येकाची दोन-दोन ओळींत. उरलेली वर्गणी आपल्या नाल्यावरील बंधाऱ्याचा गाळ काढण्यास लावावी. ज्यांच्या घरी जुने धाऱ्याचे कागद, ताळेबंद अथवा पावत्या असतील त्यांनी त्या बैठकीस घेऊन याव्यात. मोडी व उर्दू वाचून देणारे दोन गृहस्थ मी पाहून ठेवले आहेत. ते दोघेही यावयास कबूल आहेत.